पोपटाला आत येऊ द्यायचं?

२ फेब्रुवारी

चि. ठिणगी हिस काकाचे अनेक आशीर्वाद.

आधी सगळ्यांची हजेरी घेतो, मग कामाचं बोलतो. दादाच्या डोळ्याची पट्टी निघाली का? नीट दिसायला लागलं असेल तर त्याला सांग, पत्त्यांत हरल्याचं खापर आता डोळ्यांवर फोडता येणार नाही. वहिनीचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना कठडा धरते, की अजून हट्टाने नुसतीच चढते? जावईबापूंची कंबर? दिवसभर बस चालवणाऱ्याने पाठीमागे उशी घ्यावी, त्यात लाज कसली. आणि तुझी मान? स्क्रीनमध्ये डोकं खुपसून बसायची सवय तुला मीच लावली, त्यामुळे तुझ्या मानेचं दुखणं माझ्याच खात्यात.

तुझी काकू आहे तशी आहे, म्हणजे छान आहे. झटका येऊन या महिन्यात सहा वर्षं होतील. वाचा गेली ती गेली, अंगही गेलं, पण उजव्या हाताचं एक बोट काय ते अजून ऐकतं. पाठीला एकही जखम नाही. दर दोन तासांनी मी तिला कूस बदलून देतो आणि सहा वर्षांत माझी एक पाळी चुकलेली नाही. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात ठेवली असती तर इतकी निगा राहिली नसती. मी त्यांना म्हटलं, आयुष्यभर लोकांचे मेलेले रेडिओ बोलते केले, घरचा एक सांभाळू नको?

आता कामाचं. आमचा कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजतोय. पंखा कण्हतो, दिवसातून तीनदा सगळं गोठतं. दुकानदाराने नवा आणून ठेवलाय, पण म्हणाला, यावर तुमचा तो फुकटवाला डेस्कटॉप नव्या आवृत्तीचाच चालेल. मी वाचायला बसलो, तर नव्या आवृत्तीतून पडद्याची जुनी यंत्रणाच काढून टाकलेली. खिडक्या दाखवणारी, माऊस फिरवणारी, सगळी. म्हणजे आमचा पोपट मेला.

तू पोपट पाहिलायस, पण तेव्हा तो अंड्यात होता. आता त्याचं असं आहे: पडद्यावर अक्षरांच्या ओळी, वर ठरलेले शब्द, पाणी, दुखतंय, हो, नाही. दिवा एकेका घरावरून पुढे सरकतो. काकूच्या बोटाखाली दाराच्या घंटीचं बटण बांधलंय. हव्या त्या घरावर दिवा आला की ती दाबते. एका दाबाने शब्द निवडला जातो, दुसऱ्या दाबाने पक्का होतो, कारण बोट कधीकधी उगाच उडतं. पक्का झाला की पोपट तो मोठ्याने बोलतो, किंवा ईमेलच्या खिडकीत जाऊन लिहितो. त्याला कुठल्याही खिडकीत शिरता येतं, तिथलं वाचता येतं, लिहिता येतं. म्हणून तर ती तुला पत्रं लिहिते, बहिणीलाही लिहायची. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या माणसाने पुस्तकं उघडी टाकून केलेलं हे काम आहे.

हा डेस्कटॉप बनवणाऱ्या तुमच्या त्या मंडळात तुझा शब्द चालतो असं दादा सांगत होता. तिथल्या लोकांना सांग, जुनी यंत्रणा राहू द्या. नव्या सुनेसाठी जुन्या सुनेला घराबाहेर काढतं का कोणी?

आणि एक सांगू? रागावू नकोस. भांड्याला भांडं लागतंच. पण तू आणि जावईबापूंनी झोपायच्या खोल्या वेगळ्या केल्याने भांडण मिटत नाही, भिंती तेवढ्या जाड होतात. वडीलकीच्या नात्याने सांगितलं.

उत्तर कागदावर लिही. कॉम्प्युटर काकूचा, कागद माझा, अशी आमची वाटणी आहे.

तुझा काका


१३ फेब्रुवारी

ती. काकांस सा. नमस्कार.

हजेरी: दादांना दिसतं, तरी हरतात. आई कठडा धरत नाही. यांच्या कमरेसाठी उशी घेतली, ती यांनी बसमधल्या वाहकाला दिली. माझी मान दुखते.

जुनी यंत्रणा राहणार नाही, काका. ती काढायचं काम माझ्याकडेच होतं. मागच्या महिन्यात मीच ती फाईल पुसली. तुमच्यासारखी शेकड्यांनी पत्रं येतात. कुणाचा जुना छपाईचा प्रोग्रॅम, कुणाचं नकाशाचं काम. आमच्याकडे त्यांच्यासाठी एक तयार उत्तर आहे, चार ओळींचं, नम्र. तुम्हाला ते पाठवलं नाही एवढीच सवलत.

का काढली ते तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगते. जुन्या यंत्रणेत सगळे प्रोग्रॅम एकाच मोठ्या हॉलमध्ये राहत होते. मध्ये पडदासुद्धा नाही. कोणीही कोणाच्या खांद्यावरून वाचावं, कोणीही दुसऱ्याचा हात धरून त्याच्या नावाने लिहावं, विचारायची गरज नाही. ती बनवली तेव्हा घरातली माणसं आपलीच असतात असं सगळ्यांनी धरलं होतं. नव्या यंत्रणेत प्रत्येकाला आपली खोली आहे आणि खोलीला दार आहे. आत यायचं तर दार वाजवायचं, आणि आतल्या माणसाने हो म्हटलं तरच यायचं.

तुम्हाला वाटेल पोरगी फार शिकली. पण हे मला तुम्हीच शिकवलंत. मी दहा वर्षांची असताना तुमच्या दुकानात गिऱ्हाइकाचा रेडिओ न विचारता उघडला होता, आणि तुम्ही माझ्या बोटांवर फूटपट्टी मारली होती. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी विचारायचं, म्हणालात.

आता मी विचारते. आमच्या खोल्या वेगळ्या आहेत हे मी आईला सांगितलेलं नाही. दादांना नाही. मैत्रिणीलासुद्धा नाही. फक्त काकूला लिहिलं होतं, आणि कुणाला सांगू नकोस असंही लिहिलं होतं. तुम्हाला कसं कळलं?

तुमची,
ठिणगी


२१ फेब्रुवारी

चि. ठिणगी हिस आशीर्वाद.

अगं, एवढ्यावरून नाकाला मिरच्या? कसं कळलं म्हणजे काय, वाचलं. चोरून नाही, समोर बसून. पोपट तिला तुझी पत्रं वाचून दाखवतो, त्याच वेळी एका वहीत उतरवून ठेवतो. ती लिहिते तेही उतरतं, अक्षरन् अक्षर. दुपारी जेवण झालं की मी खुर्ची ओढून वही उघडतो. ती डोळे मिटून घेते. दमते बिचारी.

मला वाचायलाच लागतं, पोरी. तिचं सगळं माझ्या हातात आहे. काय दुखतं, काय रुचत नाही, मनात काय आहे, हे मला नको कळायला? आईने बाळाच्या झबल्यात डोकावून पाहिलं तर तिला कोणी चोर म्हणतं का?

आणि ती लिहिते तसंच्या तसं पाठवून भागत नाही. एका पत्राला तिला चार-चार दिवस लागतात. चौथ्या दिवशी काय लिहितोय याचं भान कुठून राहणार? म्हणून मी अशी सोय केलीय की पत्र लगेच जात नाही, दुपारपर्यंत थांबतं. मी एकदा नजर टाकतो. धान्य निवडताना खडा दिसला तर आपण काढतोच की, धान्याला विचारत बसत नाही. बहुतेक वेळा काही नसतं. कधीतरी एखादं वाक्य असतं.

आता तू आपलीच आहेस म्हणून सांगतो. मागच्या वर्षी तिच्या धाकट्या बहिणीने, आपल्या शिवणवाल्या मावशीने, लिहिलं होतं की माझं घर तळमजल्यावर आहे, खोली रिकामी आहे, मुलगी हाताखाली आहे, येतेस का माझ्याकडे. त्यावर हिने पाच दिवस खपून लिहिलं, 'मला इथून ने. लवकर.' मी हबकलोच. कुणी वाचलं तर काय म्हणेल? की हा हिला मारतो, उपाशी ठेवतो? बरं, असा विचार काही डोक्यात राहत नाही, एखाद्या दिवसाचा असतो. त्या दिवशी मी तिला आंघोळीला गरम पाणी जरा जास्त घातलं होतं, त्याचा राग असेल. मी तेवढं काढून टाकलं आणि लिहिलं, 'मी इथे सुखात आहे. येण्याची तसदी घेऊ नकोस.' झालं. मावशीचं उत्तर आलं नाही. तिला राग आला असावा, पण राग काय, आज आहे उद्या नाही.

त्यानंतर काकूने बहिणीला लिहिणंच सोडलं. म्हणजे बघ, तिच्याही मनातून ते गेलं.

ठिणगे, हे घर रिकामं झालं तर मी दर दोन तासांनी काय करू? घड्याळाकडे बघत बसू? तुला माझं खरं दुखणं सांगितलं. आता पोपटाचं काय करतेस ते कळव. नवा कॉम्प्युटर दुकानातून घरी आलाय, खोक्यातच आहे.

तुझा काका


४ मार्च

ती. काकांस नमस्कार.

सोबत पेनड्राइव्ह आहे. नव्या आवृत्तीसाठी पोपट मी दुरुस्त केलाय. अक्षरं, दिवा, दोन दाब, आवाज, सगळं जसंच्या तसं.

एकच फरक. रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर एक चौकट येईल: 'पोपट इतर खिडक्यांत पाहू, लिहू आणि त्याची नोंद ठेवू इच्छितो. आत येऊ द्यायचं?' खाली 'हो' आणि 'नाही'. दिवा त्या दोघांवर आळीपाळीने जाईल. काकू तिच्या बटणाने निवडेल, नेहमीसारखी, दोन दाबांत. हो म्हटलं की पोपट उघडेल. नाही म्हटलं तर उघडणार नाही. त्या दिवशी बोलणं नाही आणि लिहिणंही नाही. वही आणि वाचा तुम्ही एकाच गाठीत बांधली आहे, त्यामुळे दोन्ही एकाच दारातून आत येतात.

चौकट तिला स्वतः वाचू द्या. माऊस, की-बोर्ड बाजूला ठेवा.

ठिणगी


१९ मार्च

चि. ठिणगी हिस आशीर्वाद.

दादा, वहिनी, जावईबापू बरे असतील असं धरतो. तुझ्या पत्रात कुणाची खुशाली नव्हती, घाईत असशील.

नवा कॉम्प्युटर बसला. चित्र असं स्वच्छ दिसतं की काकूच्या डोळ्यांत पाणी आलं. काम झकास झालंय, मानलं तुला. पण एक बिघाड आहे, तो तपशिलाने लिहितो. दुरुस्तीवाल्याला अर्धवट सांगण्यात अर्थ नसतो.

चौकट येते. दिवा फिरतो. आणि रोज निवड होते ती 'नाही'ची. पहिल्या दिवशी मला वाटलं, बोट उडालं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. पुन्हा 'नाही'. दुसऱ्या दिवशी बटण उघडलं, आतले पितळी तुकडे बारीक कागदाने घासले. 'नाही'. तिसऱ्या दिवशी बटणच बदललं, दुकानातलं कोरं आणलं. चौथ्या दिवशी तार बदलली. मग मी विचार केला, 'हो' आधी आणि 'नाही' नंतर असल्यामुळे तिला गाठायला उशीर होतो की काय. दिव्याचा वेग निम्मा केला. तर ती 'हो' चार वेळा जाऊ देते, अगदी शांतपणे, आणि मग 'नाही'वर बरोबर नेम धरते. पहिला दाब आणि दुसरा दाब. मी घड्याळ लावून पाहिलं, दोन्हींत अर्ध्या सेकंदाचंही अंतर नसतं. तुझ्या प्रोग्रॅममध्ये दोन घरांची अदलाबदल तर झाली नाही ना? ती 'हो' दाबते आणि यंत्र 'नाही' धरतं, असं? माझा संशय तिथेच आहे.

अकरा दिवस झाले, घरात तिचा एक शब्द नाही. पाण्याला पापणी मिटते, दुखलं तर दोनदा मिटते, त्यावर चाललंय. मी तिला म्हटलं, अगं, कळ काढ, पोरगी दुरुस्त करून देईल. शेजारचे शिक्षक आले होते, त्यांच्यासमोर मी तिला विचारलं, हे तुला वहिनी म्हणतात, यांना तरी नमस्कार कर, दाब 'हो'. तिने 'नाही' दाबलं. शिक्षक म्हणाले, अहो, यंत्राला नका दोष देऊ, हिला बोलायचं नसेल. मी म्हटलं, मास्तर, तुम्ही मुलांना शिकवा, यंत्रांचं मला कळतं.

काल मी तिचं बोट हातात धरून 'हो'वर दाबायला गेलो. पहिला दाब माझ्या जोराने बसला. दुसऱ्याला तिने बोट असं ताठ केलं की मला वाकवेना. सहा वर्षांत त्या बोटात इतकी ताकद मी पाहिली नव्हती. म्हणजे व्यायामाचा गुण येतोय, ही त्यातली चांगली बातमी.

गंमत म्हणजे बोलणं बंद असूनही चेहरा टवटवीत आहे. सकाळी कॉम्प्युटर लावायच्या आधीच डोळे उघडे असतात. त्या चौकटीची वाट बघते जणू.

दोष शोध आणि लगेच कळव.

तुझा काका


२६ मार्च

ती. काकांस नमस्कार.

बिघाड नाही.

मी प्रोग्रॅम तीनदा तपासला, तुम्ही लिहिलंत तसा वेग निम्मा करूनही. घरांची अदलाबदल नाही. एक दाब चुकून पडतो, दोन पडत नाहीत. हा तुमचाच नियम. ती 'नाही' म्हणते, काका. अकरा दिवस ती रोज एक शब्द बोलतेय आणि तुम्ही बटण घासताय.

सहा वर्षांत तिला कोणी पहिल्यांदा विचारलं, आणि तेही एका यंत्राने. म्हणून चेहरा टवटवीत आहे. तुम्ही वाचत बसण्यापेक्षा तिला मुकं राहणं बरं वाटतं.

आता माझं ऐका. वही आणि वाचा एकाच गाठीत आहेत असं मी लिहिलं ते खरं होतं, पण ती गाठ सोडवायला दोन दिवस पुरले असते. मी सोडवली नाही. तुम्हाला तिच्याकडून 'नाही' ऐकू यावं असं मला वाटत होतं. आमच्या खोल्यांचं तुम्ही वाचलंत त्याचा राग होता, आणि मला स्वतः येऊन तुमच्या तोंडावर काही बोलायची हिंमत नव्हती. तेव्हा मी एका बोटाच्या माणसाला पुढे केलं. तिची वाचा माझ्या रागापायी बंद आहे. तुमच्यात आणि माझ्यात फार फरक राहिला नाही.

गाठ आता सोडवलीय. या पाकिटात दुसरा पेनड्राइव्ह आहे, त्यावर हिरवा दोरा बांधलाय. यातला पोपट बोलतो आणि लिहितो. वही ठेवत नाही, पत्र थांबवून ठेवत नाही, तुम्हाला काही दाखवत नाही. चौकटही येणार नाही, कारण तो कुणाच्या खोलीत डोकावत नाही. जुना काढून हा घाला. रविवारच्या आत.

रविवारच्या आत कशासाठी, तर मी शिवणवाल्या मावशीला फोन केला होता. तुम्ही खडा म्हणून काढलेलं वाक्य तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुझ्यावर विश्वास आहे, पण एकदा तोंड पोळलंय. तिच्या पोपटाच्या तोंडून ऐकीन आणि मगच गाडी घेऊन येईन. खोली अजून रिकामी आहे. या महिनाअखेर मावशी मुलीबरोबर दूरच्या शहरात कायमची राहायला जातेय, काकूला नेता आलं तर तिथेच नेणार. रविवारी पाच वाजता फोन करेल. फोन पोपटाजवळ धरा. एवढंच करा.

तोवर तिच्या बोटाला हात लावू नका.

ठिणगी


४ एप्रिल

चि. ठिणगी हिस काकाचे अनेक आशीर्वाद.

सगळ्यांची हजेरी घेतो. दादाचा दुसरा डोळा कधी करायचा ठरला? वहिनीला म्हणावं, कठडा शोभेसाठी नाही, धरण्यासाठी बसवलाय. जावईबापूंना उशी दुसरी घेऊन दे. आणि तू जपून राहा. तुझं पत्र वाचून दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पण पोरांच्या बोलण्याचं मनात ठेवलं तर म्हातारपण कशाला म्हणायचं? तू जीव तोडून लिहिलंस, यातच सगळं आलं. राग मला आलेला नाही.

तुझा हिरव्या दोऱ्याचा पेनड्राइव्ह मिळाला. रेडिओचे जुने व्हॉल्व्ह ठेवतो त्या खणात जपून ठेवलाय. वापरला नाही. चालत्या यंत्राला हात लावू नये, हा माझा धंद्यातला पहिला धडा. आणि यंत्र आता चालतं. त्याचं असं झालं, की रविवारी मावशीचा फोन येणार, तेव्हा पोपट उघडा हवा. आणि काकू तर 'नाही'चा हेका सोडेना. मग मी माऊस घेतला आणि 'हो' दाबलं. खाली एक बारीक चौकोन होता, 'पुन्हा विचारू नका' असा. त्यावरही खूण केली. एवढी साधी गोष्ट तीन आठवडे मला सुचली नाही बघ. पन्नास वर्षांच्या संसारात कसलं दार आणि कसली खोली? पोपट लगेच उघडला. काकू बघतच राहिली.

रविवारी मी सकाळीच तिचे केस विंचरले, निळं पातळ नेसवलं. बरोबर पाचला फोन वाजला. तू म्हणालीस तसा पोपटाजवळ धरला, आवाज मोठा केला. मावशीने आडवळण घेतलं नाही. म्हणाली, "ताई, मी आहे. येतेस ना माझ्याकडे? एकदाच सांग, लगेच निघते."

दिवा फिरायला लागला. पाणी, दुखतंय, हो, नाही. पहिल्या फेरीला काकूने दाबलं नाही. बोट एवढं थरथरत होतं की बटण बशीसारखं वाजत होतं. दुसऱ्या फेरीला तिने दाबलं. पण घाईत ते 'हो'वर पडलं. एकच दाब. दुसऱ्या दाबासाठी दिवा थांबून राहिला, आणि ती त्या दिव्याकडे बघत होती, घामाघूम झालेली. पलीकडून मावशी ताई, ताई करत होती. मला त्या दोघींची ती तारांबळ बघवेना.

तुझं पत्र माझ्या खिशात होतं. तूच स्वच्छ अक्षरात लिहिलं होतंस, ती 'नाही' म्हणते, काका, बिघाड नाही. अकरा दिवस रोज दोन दाबांत ती जे म्हणत आली ते खरं, की थरथरत्या बोटाचा एक दाब खरा? तो 'हो' मी पुसला. की-बोर्ड बाजूलाच होता. त्यावरून 'नाही' दिलं आणि पक्कं केलं. पोपट खणखणीत बोलला.

मावशी म्हणाली, "बरं ताई. सुखी राहा." आणि फोन ठेवला. महिनाअखेरीस ती मुलीबरोबर गेली, असं तिच्या शेजारणीने सांगितलं.

आता पुन्हा तुझ्याकडेच यावं लागतंय, कारण त्या दिवसापासून नवा बिघाड झालाय आणि हा मला खरोखर सापडत नाही. पोपट उघडा असतो. दिवा पहिल्या घरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत जातो, परत येतो, दिवसभर. काकू दाबत नाही. हो नाही, नाहीसुद्धा नाही. बटण काढून बघितलं, ठीक आहे. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तिच्या तळव्यात आपलं बोट ठेवलं, तर तिने ते इतकं घट्ट धरलं की त्यांना सोडवून घ्यावं लागलं. म्हणाले, बोटाला काही झालेलं नाही. मग मी माझं ठेवलं. हात नुसता पडून होता. पापणीही मिटत नाही आता. पाणी मी अंदाजाने देतो.

वहीत रोज तारीख उमटते आणि खाली कोरं पान. मी आपला दुपारी खुर्ची ओढून उघडतो, सवयीने.

तुझ्या त्या नव्या यंत्रणेत काही अडलं असेल तर बघ. मला तर वाटतं दोष तिथेच कुठेतरी आहे. मी आता हे पाकीट टाकायला जातो, दोन तास व्हायच्या आत परतायला हवं, तिची कूस बदलायची आहे. उत्तर लवकर लिही, ठिणगे. घरात माझ्याशी बोलणारं आता तुझं पत्र तेवढं आहे.

तुझा काका